शेवटच्या ओळीचा भार : स्टार्टअपचं पिच वाचायचं कसं?

आजचा विषय स्टार्टअपचं पिच, म्हणजे एखादा नवा उद्योजक गुंतवणूकदारापुढे उभा राहून दहा-वीस मिनिटांत जे मांडतो ते. या विषयावरची बहुतेक भाषणं 'पिच द्यावं कसं' याबद्दल असतात. उभं कसं राहावं, सुरुवात गोष्टीने कशी करावी, स्लाइडवर मजकूर किती ठेवावा. गाय कावासाकींचा १०-२०-३० हा नियम तर तुमच्यापैकी अनेकांना पाठच असेल : दहा स्लाइड, वीस मिनिटं, आणि अक्षराचा आकार तीस पॉइंटपेक्षा लहान नको. नियम वाईट नाही. पण आज आम्ही पिच द्यायला शिकवणार नाही, वाचायला घेणार आहोत. कथेची किंवा नाटकाची जशी आपण समीक्षा करतो, तशी पिचची करून बघायची. कारण जो नीट वाचू शकतो, तोच पुढे नीट लिहू शकतो, हे लेखनाच्या सगळ्याच प्रकारांना लागू आहे.

या लेखनप्रकाराचं एक वैशिष्ट्य सुरुवातीलाच ध्यानात घेऊ. कथा संपते तेव्हा वाचक मोकळा होतो. पिच संपतं ते सौद्यावर. 'मला इतके पैसे द्या, बदल्यात कंपनीचा इतका हिस्सा घ्या' हे त्याचं शेवटचं वाक्य. आपण तिला मागणीची ओळ म्हणू. दिसायला साधी ओळ आहे, पण तिच्या पोटात एक दावा दडलेला असतो. समजा कोणी म्हणालं, १० टक्क्यांसाठी १० लाख रुपये हवेत. म्हणजे तो न बोलता सांगतोय की पैसे आल्यानंतर माझी कंपनी १ कोटीची आहे. हा १ कोटीचा आकडा स्लाइडवर असो वा नसो, समोरच्याच्या डोक्यात तो लगेच मांडला जातो.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की या आकड्याचा भार पेलणं हेच बाकीच्या सगळ्या वाक्यांचं काम. वाक्य सुंदर आहे का, गोष्ट डोळ्यांत पाणी आणते का, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा : हे वाक्य त्या शेवटच्या आकड्याखाली टेकू म्हणून उभं राहतं का? या एका प्रश्नाने आज आपण तीन पिचं वाचू. एक जगभर आदर्श मानलं जातं, एक बदनाम झालं, आणि एक आपल्या मालेगावचं आहे.

पहिलं वाचन : एअरबीएनबी

एअरबीएनबीचं २००८-०९च्या सुमाराचं डेक इंटरनेटवर सगळीकडे सापडतं. पिच शिकवणारे वर्ग तेच दाखवतात. कंपनीचं नाव तेव्हा 'एअरबेड अँड ब्रेकफास्ट' होतं. ऑक्टोबर २००७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची एक परिषद होती आणि हॉटेलं भरलेली होती. तेव्हा ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले, तिथून हे सुरू झालं. नेथन ब्लेचार्झिक हे तिसरे भागीदार.

आता डेक उघडू. समस्या तीन छोट्या वाक्यांत मांडली आहे : प्रवाशाला खर्चाची चिंता असते, हॉटेलात राहून शहराशी नातं जुळत नाही, आणि स्थानिक माणसाच्या घरी खोली मिळवण्याची सोपी सोय नाही. उपाय त्याहून थोडक्यात. लोक कौतुक करतात ते या साधेपणाचं. आम्हाला मात्र त्याच्या पुढची स्लाइड जास्त मोलाची वाटते. तिथे काउचसर्फिंग या साइटचे सहा लाखांहून अधिक सदस्य आणि क्रेगलिस्टवरच्या तात्पुरत्या घरांच्या हजारो जाहिराती यांचे आकडे दिले आहेत. म्हणजे काय केलं? 'लोक परक्याच्या घरी राहतील का?' ही शंका समोरच्याच्या मनात येणारच होती. त्यावर यांनी स्वतःचं मत दिलं नाही. लोक आजच राहतायत, आणि ही मोजदाद दुसऱ्यांच्या साइटवर तुम्हीच करून बघा, असं सांगितलं. शितावरून भाताची परीक्षा, पण शीत दुसऱ्याच्या भांड्यातलं. त्यामुळे त्यावर विश्वास बसतो.

त्याच डेकमधली सगळ्यात कच्ची स्लाइड बाजारपेठेची आहे. जगात वर्षाला सुमारे दोन अब्ज सहली होतात, त्यातल्या इतक्या स्वस्तातल्या आणि ऑनलाइन, आणि त्यातला एवढा वाटा आमचा. असा हिशेब आपल्याकडे रोज ऐकू येतो. 'भारतात १४० कोटी लोक आहेत, आम्हाला फक्त एक टक्का हवाय.' बघा, या वाक्यात 'फक्त' हा शब्दच फसवा आहे. तो एक टक्का पहिल्या माणसापासून सुरू होतो, आणि पहिला माणूस कुठून येणार हे वाक्य सांगत नाही. वरून खाली येणारा आकडा कोणताच भार पेलत नाही.

पण शेवटी गेलं की चित्र बदलतं. फिरत असलेल्या प्रतीतली मागणी अशी आहे : बारा महिन्यांसाठी ५ लाख डॉलर. त्यात आम्ही ८०,००० व्यवहारांपर्यंत पोहोचू, दर व्यवहारामागे सरासरी २५ डॉलर मिळतील, म्हणजे उत्पन्न २० लाख डॉलर. गुणाकार करून बघा, बरोबर येतो. मुद्दा गणिताचा नाही. मुद्दा असा, की हे विधान वर्षभराने खोटं ठरू शकतं. ८०,००० झाले की नाही, हे कोणीही विचारू शकतं. ज्या वाक्याला चूक ठरण्याची सोय आहे, तेच वाक्य भार पेलतं.

मग या डेकने लगेच पैसे मिळवून दिले का? नाही. चेस्की यांनी २०१५मध्ये जुनी पत्रं प्रसिद्ध केली. जून २००८मध्ये त्यांची सात गुंतवणूकदारांशी ओळख करून देण्यात आली होती. मागणी होती दीड लाख डॉलरची, कंपनीची किंमत धरली होती १५ लाख डॉलर. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. या मंडळींनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाने नाश्त्याच्या सीरियलची खोकी छापली, एकेक ४० डॉलरला विकली, आणि सुमारे ३०,००० डॉलर उभे केले. पुढे वाय कॉम्बिनेटरच्या मुलाखतीत पॉल ग्रॅहम यांना मूळ कल्पना फारशी पटली नव्हती. पटलं ते हे खोकं. चार डॉलरचं सीरियल चाळीसला विकणारी माणसं तग धरतील, हा त्यांचा हिशेब. वाय कॉम्बिनेटरकडून २०,००० डॉलर मिळाले, आणि २००९च्या वसंतात सिकोयाकडून सुमारे ६ लाख.

आज हजारो तरुण त्या डेकच्या स्लाइडची नक्कल करतात. नक्कल कशाची होतेय ते बघा. मांडणीची होतेय. ज्या गोष्टीने दार उघडलं, ती तर डेकमध्ये नव्हतीच, ती एक पुठ्ठ्याची पेटी होती.

आणि समीक्षक म्हणून एक उणीव नोंदवायलाच हवी. परका माणूस घरात आला आणि त्याने नासधूस केली तर काय, या प्रश्नाला त्या डेकमध्ये स्वतंत्र स्लाइड नाही. २०११मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका यजमान स्त्रीचं घर पाहुण्यांनी लुटलं, मोठा गदारोळ झाला, आणि त्यानंतर कंपनीने यजमानांसाठी ५०,००० डॉलरची हमी आणली. प्रश्न पहिल्या दिवसापासून तिथेच होता. आदर्श म्हणून मिरवलं जाणारं पिचदेखील आपल्या सगळ्यात नाजूक सांध्याबद्दल गप्प राहिलं. नक्कल करणाऱ्यांनी ही गप्पसुद्धा उचलली आहे.

दुसरं वाचन : वीवर्क

आता उलट टोकाला जाऊ. वीवर्क ही कंपनी मोठ्या इमारती दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यायची, सजवायची, आणि टेबल-खुर्च्या-केबिन थोड्या मुदतीवर इतरांना भाड्याने द्यायची. धंदा समजायला सोपा आहे. मोठं घर भाड्याने घेऊन त्यात कॉट बेसिसवर मुलं ठेवणारे पुण्या-मुंबईत कमी नाहीत. जानेवारी २०१९मध्ये या कंपनीची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली गेली होती. ऑगस्ट २०१९मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी तिने आपलं माहितीपत्रक दाखल केलं. ते आपण पिच म्हणूनच वाचू शकतो, कारण मागणी तीच : पैसे द्या, हिस्सा घ्या. फरक एक. खोलीत बसून दिलेल्या पिचमध्ये जे झाकता येतं, ते कायदा इथे लिहायला लावतो.

त्यामुळे या एकाच कागदपत्रात दोन आवाज ऐकू येतात. पहिला आवाज संस्थापकांचा. जगाची जाणीव उंचावणं हे आमचं ध्येय, असं तो म्हणतो. अर्पणपत्रिका आहे, तीही 'वी'च्या ऊर्जेला. भाडेकरूला भाडेकरू न म्हणता समाजाचा सदस्य म्हटलं आहे. दुसरा आवाज हिशेबनिसाचा. तो सांगतो की २०१८मध्ये उत्पन्न सुमारे १.८ अब्ज डॉलर आणि तोटा सुमारे १.९ अब्ज. पुढच्या वर्षांत इमारतींच्या मालकांना द्यायचं भाडं सुमारे ४७ अब्ज, आणि ग्राहकांनी आपल्याला देण्याचं कबूल केलेलं सुमारे ४ अब्ज.

हे दोन आवाज एकमेकांना भेटतच नाहीत. समीक्षेच्या दृष्टीने दोष इथे आहे. ध्येय मोठं असण्यात काही वावगं नाही. पण 'जाणीव उंचावणे' या शब्दांतून ४७ आणि ४ यांच्यामधल्या दरीवर पूल बांधता येत नाही. मंदी आली, छोट्या मुदतीचे ग्राहक उठून गेले, तर मोठ्या मुदतीचं भाडं कोण भरणार? धंद्याचा नाजूक सांधा हाच. भाषा त्याच्याभोवती फिरत राहते, त्यावर बोट ठेवत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सप्टेंबरच्या शेवटी ते माहितीपत्रक मागे घ्यावं लागलं. नोव्हेंबर २०२३मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्याआधी हीच भाषा वापरून त्यांनी अब्जावधी डॉलर उभे केलेच ना? मग पिच प्रभावीच म्हणायचं! आम्ही म्हणू, एका खोलीपुरतं प्रभावी. ज्या मजकुराचा प्रभाव लेखक समोर असेपर्यंतच टिकतो, आणि अनोळखी माणसाने शांतपणे वाचला की ओसरतो, तो मजकूर कच्चा. गुंतवणूकदारही तुमचं पिच ऐकून निर्णय घेत नाही. तो घरी जातो, भागीदारांना सांगतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो. तेव्हा तुम्ही तिथे नसता. तुमची वाक्यं एकटी असतात.

तिसरं वाचन : मालेगावचा कमलेश

आता घराजवळ येऊ. 'शार्क टँक इंडिया'चं पहिलं पर्व डिसेंबर २०२१मध्ये सुरू झालं. त्यात मालेगाव भागातला एक तरुण शेतकरी आला होता. 'जुगाडू कमलेश' याच नावाने देश त्याला ओळखतो. सायकलीसारखं हाताने ढकलायचं, फवारणी आणि इतर कामांसाठीचं यंत्र त्याने वर्षानुवर्षं खपून बनवलं होतं.

हे पिच आम्हाला पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. त्याची समस्या स्लाइडवर नव्हती, पाठीवर होती. विषाने भरलेला पंप पाठीवर बांधून उन्हात चालणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्यालाही नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने किती शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे. त्याची हिंदी मराठी वळणाची होती आणि ती तशीच राहिली, हे फार बरं झालं. यंत्र त्याने समोर चालवून दाखवलं. समस्या आणि उपाय या दोन बाबतींत हे पिच कोणत्याही इंग्रजी डेकच्या तोडीचं आहे.

आता मागणीची ओळ. त्याने १० टक्क्यांसाठी ३० लाख रुपये मागितले. म्हणजे कंपनीची किंमत ३ कोटी. बाकीच्या गुंतवणूकदारांनी माघार घेतली. एकट्या पियूष बन्सल यांनी हात पुढे केला : १० लाख रुपये ४० टक्क्यांसाठी, शिवाय २० लाख बिनव्याजी कर्ज. सौदा झाला. स्टुडिओत आणि घराघरांत लोकांचे डोळे पाणावले.

पाणावलेल्या डोळ्यांनी कोणी भागाकार केला नाही. १० लाखांना ४० टक्के, म्हणजे कंपनीची किंमत २५ लाख. ३ कोटींवरून २५ लाख, म्हणजे बारावा हिस्सा. इथे गुंतवणूकदाराला खलनायक करायचं नाही. बाकीचे थांबले तिथे तोच पुढे आला, आणि बिनव्याजी २० लाखांनाही मोल असतं. आमचा प्रश्न पिचला आहे. मागणीचा आकडा इतक्या सहज बारा पटींनी खाली का येऊ शकला? कारण त्याच्याखाली टेकूच नव्हते. ३ कोटी का, याचं उत्तर देणारं एकही वाक्य आधी आलेलं नव्हतं. गोष्ट भक्कम होती, आकडा अधांतरी होता. आणि अधांतरी आकड्याशी घासाघीस होत नाही, तो सरळ पडतो.

४० टक्के म्हणजे काय, तेही पाहून घेऊ. कंपनी वाढली की पुढे आणखी पैसे लागतात, आणि दर वेळी हिस्सा वाटावा लागतो. समजा पुढे दोन वेळा वीस-वीस टक्के द्यावे लागले. सुरुवातीला ९० टक्के हाती असलेल्याकडे शेवटी साधारण ५८ टक्के उरतात, कंपनी त्याच्याच हातात राहते. ६० पासून सुरुवात केलेल्याकडे ३८ उरतात. सात-आठ वर्षं खपून बनवलेल्या यंत्राचा निर्णय मग दुसरे घेऊ शकतात. भाषणकलेच्या शिबिरात हा हिशेब शिकवत नाहीत. तिथे 'कनेक्ट व्हा', 'पॅशन दाखवा' एवढंच सांगतात. पॅशन त्या मुलाकडे कुणापेक्षाही कमी नव्हती.

मग टेकू कुठून आणायचे? धंदा अजून उभाच नाही, विक्री नाही, आकडे नाहीत, अशी तक्रार येते. पण एअरबीएनबीकडेही सुरुवातीला फार काही नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांच्या जाहिराती मोजल्या. फवारणीच्या यंत्रासाठी मोजण्यासारखं तर कितीतरी आहे. पाठीवरच्या पंपाने एकरभर फवारणीला किती तास लागतात, आणि या यंत्राने किती? फवारणीच्या मजुराची दिवसाची मजुरी किती, म्हणजे यंत्राची किंमत किती दिवसांत वसूल होते? एक यंत्र बनवायला खर्च किती, आणि शंभर एकदम बनवली तर किती? गावातल्या दहा शेतकऱ्यांना आठवडाभर वापरायला दिलं, तर किती जण आगाऊ पैसे टेकवायला तयार होतात? यातला एकही प्रश्न इंग्रजी येण्यावर अडलेला नाही. वही, पेन्सिल आणि एक हंगाम पुरतो. दहापैकी चार जणांनी हजार-हजार रुपये इसार दिला, हे एक वाक्य 'देशात कोट्यवधी शेतकरी आहेत' या वाक्यापेक्षा जास्त भार पेलतं.

वाचनाची उलटी रीत

तर आजच्या तीन वाचनांतून एक रीत हाती लागते. पिच तयार झालं की ते मागून वाचा. आधी मागणीची ओळ घ्या, तिच्या पोटातला कंपनीच्या किमतीचा आकडा बाहेर काढून मोठ्या अक्षरात लिहा. मग एकेक वाक्य मागे जा आणि विचारा, तू या आकड्याचा कुठला भाग पेलतोस? काही वाक्यं थेट पेलतात : एवढी विक्री, एवढा खर्च, एवढ्यांनी आगाऊ पैसे दिले. काही आडून पेलतात, जसं ते सीरियलचं खोकं. ते माणसांबद्दल सांगत होतं. आणि काही वाक्यं काहीच पेलत नाहीत, ती नुसती सजावट. ती काढा. काढल्यावर पिच निम्मं झालं तरी घाबरू नका.

दुसरं, आपला नाजूक सांधा शोधा आणि तो आपण होऊन दाखवा. परका माणूस घर लुटेल का, ग्राहक उठून गेले तर भाडं कोण भरेल, यंत्र शेताबाहेर विकलं जाईल का. हा प्रश्न समोरच्याच्या मनात आहेच. त्याने विचारल्यावर दिलेलं उत्तर बचाव वाटतं. त्याच्या आधी दिलेलं तेच उत्तर तयारी वाटते. उत्तर अपुरं असेल तर 'याचा एवढा भाग सुटलाय, एवढा सुटायचाय, आणि तुमच्या पैशातले इतके त्यासाठी लागतील' असं म्हणा. हे वाक्य मागणीच्या ओळीला सगळ्यात घट्ट टेकू देतं, कारण पैसे कशाला हवेत ते त्यातून कळतं.

तिसरं, खाली कुठल्या आकड्यापर्यंत यायचं ते घरून ठरवून जा, आणि तो कागदावर लिहून खिशात ठेवा. बाजारात म्हैस विकायला जाणारा शेतकरीही हे करतो. दिव्यांच्या झगमगाटात, टाळ्यांच्या आवाजात भागाकार सुचत नाही.

पिच हे मन जिंकण्याचं साधन आहे असं सतत सांगितलं जातं. जिंकायला हरकत नाही. पण समोरचा माणूस मन जिंकलं गेल्यावरही टक्के मोजत असतो. आपल्या गावागावांतून आता मुलं-मुली पिच द्यायला निघाली आहेत, त्यांच्याकडे गोष्टींची वाण नाही. त्यांनी टक्केही मोजावेत, एवढ्यासाठी आजचं हे वाचन.

इथे थांबतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे स्वतःचं डेक असेल, त्यांनी शेवटची स्लाइड उघडून ठेवावी. प्रश्नोत्तरांना तिथूनच सुरुवात करू.